सशाची पिले आणि ओटचा दाणा

पाळीव सशापुढे गवताची पेंढी आणि मूठभर ओट अशी दोन्ही ठेवली, तर तो बहुधा प्रथम दाण्याकडे वळतो. दाणे संपेपर्यंत त्याचे तोंड थांबत नाही आणि ते संपल्यावर तो पुन्हा भांडे हुंगू लागतो. पाळणारा हे कौतुकाने पाहतो व ओट सशाला मानवतात असा निष्कर्ष काढतो. पूर्ण वाढ झालेल्या, गवतावर पोसलेल्या सशाच्या बाबतीत हा निष्कर्ष फारसा चुकत नाही. परंतु त्याच घरात चार-पाच आठवड्यांची पिले असली आणि त्यांनाही तसेच भांडे भरून दाणे दिले, तर पुष्कळदा एक दुःखद प्रसंग ओढवतो. आदल्या संध्याकाळी उड्या मारणारे गुबगुबीत पिलू सकाळी पाठीची कमान करून कोपऱ्यात बसलेले आढळते. त्याचे पोट फुगलेले असते, मागचे पाय व शेपटी पातळ हगवणीने भिजलेली असतात, आणि कित्येकदा त्याच दिवशी ते मरते. एका वेतातील तीन-चार पिले अशा रीतीने दोन दिवसांत दगावल्याची उदाहरणे ससे पाळणाऱ्यांना नवी नाहीत. जे अन्न आईला चालले तेच पिलाला का भोवावे, हे समजून घ्यावयाचे असेल तर सशाच्या पोटाची रचना पाहिली पाहिजे.

तत्पूर्वी नावाचा एक घोटाळा दूर करणे आवश्यक आहे. मराठीत 'ससा' हा एकच शब्द दोन निराळ्या प्राण्यांना लावला जातो. आपल्या माळरानांवर व शेतांच्या बांधांवर आढळणारा रानससा बिळे करीत नाही. त्याची पिले अंगावर केस व उघडे डोळे घेऊनच जन्मतात. पिंजऱ्यात पाळला जाणारा पांढरा, काळा अथवा करडा ससा हा मूळचा युरोपच्या नैऋत्येकडील स्पेन व पोर्तुगाल या प्रदेशांतील, बिळे करून राहणारा प्राणी होय. त्याची पिले जन्मतः आंधळी व उघडी असून त्यांचे डोळे सुमारे दहाव्या दिवशी उघडतात. रानसशाला पकडणे अथवा घरी पाळणे हा वन्यजीव (संरक्षण) अधिनियम, १९७२ अन्वये गुन्हा आहे. तेव्हा पुढील सर्व विवेचन फक्त पाळीव सशाविषयीचे आहे. दुसरीही एक समजूत सुधारावयास हवी. ससा हा उंदीर-घुशींच्या गणातील प्राणी नव्हे. त्याच्या वरच्या जबड्यात पटाशीच्या मोठ्या दातांमागे आणखी दोन बारीक दात दडलेले असतात. या व अशा इतर भेदांवरून १९१२ साली गिडली या शास्त्रज्ञाने सशांचा स्वतंत्र गण मानला. उंदराला धान्य पचते म्हणून सशालाही पचेल, हा तर्क त्यामुळे मुळातच लंगडा पडतो.

गवतासाठी घडलेले शरीर

सशाला एकंदर २८ दात असतात आणि ते सर्व जन्मभर वाढत राहतात. पटाशीचे दात आठवड्याला सुमारे दोन मिलिमीटर वाढतात. दाढांची वाढ मनुष्याच्या डोळ्यांस दिसत नाही एवढेच. गवतातील राठ तंतू व वाळूसारखे कठीण कण दळण्यासाठी ससा खालचा जबडा आडवा फिरवितो आणि या दळणातच दात झिजून प्रमाणात राहतात. दाणा मात्र दोन-चार वेळा वर-खाली दाबला की फुटतो. ज्या सशाचे पोट दाण्यांनीच भरते त्याच्या दाढा झिजत नाहीत. त्यांच्या कडांना टोके फुटतात व ती जिभेला आणि गालाला रुततात. असा ससा भुकेला असूनही खाईनासा होतो, आणि मालकाला वाटते की त्याला अन्नाचा कंटाळा आला.

दातांपेक्षाही महत्त्वाची गोष्ट पुढे, आतड्यात घडते. लहान आतडे जेथे मोठ्या आतड्यास मिळते तेथे सशाला एक प्रचंड पिशवी असते. तिला अंधनाल म्हणतात. मनुष्याच्या शरीरात हा भाग अगदी क्षुल्लक आहे. सशाच्या अन्नमार्गात एका वेळी जेवढे अन्न असते त्यापैकी सुमारे ४० टक्के या एकट्या पिशवीत असते. तेथे असंख्य सूक्ष्मजंतू वस्ती करून असतात. गाय जे काम पोटाच्या पहिल्या कप्प्यात करून घेते, ते ससा येथे करून घेतो.

सर्वच चोथा मात्र या पिशवीत जात नाही. मोठ्या आतड्याच्या आरंभी एक विलक्षण निवड होते. चोथ्याचे जाड कण पुढे ढकलले जातात आणि त्यांच्या कोरड्या, गोल लेंड्या बनतात. बारीक कण व द्रव मात्र उलट दिशेने मागे लोटले जाऊन अंधनालात परततात. तेथे ते आंबतात, जंतू वाढतात, प्रथिने व 'ब' गटातील जीवनसत्त्वे तयार होतात. विश्रांतीच्या वेळी हाच ऐवज मऊ, चकचकीत, द्राक्षाच्या घोसासारख्या लेंड्यांच्या रूपाने बाहेर येतो आणि ससा तो थेट गुदद्वारापाशी तोंड नेऊन गिळून टाकतो. मोरो या फ्रेंच पशुवैद्याने १८८२ साली हा प्रकार वर्णन केला. मात्र त्याकडे बराच काळ कोणाचे विशेष लक्ष गेले नाही, आणि ससा रवंथ करतो की काय, हा प्रश्न शास्त्रीय नियतकालिकात १९३९ सालीही चर्चिला जात होता. पाळणाऱ्याला हे दृश्य किळसवाणे वाटते व तो सशाला हटकतो. पण असे हटकणे म्हणजे ताटावरून उठविणेच होय.

या सगळ्या यंत्रणेला चालना देणारी वस्तू म्हणजे जाड चोथा. जाड कण स्वतः पचत नाहीत, पण त्यांच्यामुळे आतड्याची हालचाल चालू राहते. तो कमी पडला की आतडे मंदावते, अंधनालातील माल तेथेच साचून राहतो आणि तेथील जंतूंचा समतोल बिघडतो. शिवाय सशाला ओकारी होऊ शकत नाही. एकदा गिळलेले अन्न पुढच्याच वाटेने जावे लागते.

दुधापासून गवतापर्यंत

आता पिलाकडे वळू. सुमारे ३० ते ३२ दिवसांच्या गर्भावस्थेनंतर मादी आपल्या पोटाचे केस उपटून केलेल्या घरट्यात पिलांना जन्म देते, आणि त्यानंतर ती त्यांच्यापासून दूर राहते. ती दिवसातून साधारणतः एकदाच घरट्यात येते व तीन ते पाच मिनिटांत पाजून निघून जाते. झॅरो व त्यांच्या सहकाऱ्यांनी १९६५ साली प्रसिद्ध केलेल्या निरीक्षणांनी ही गोष्ट सिद्ध झाली. रानात शत्रूला घरट्याचा माग लागू नये म्हणून निसर्गाने केलेली ही योजना असावी. घरात मात्र या योजनेचा अर्थ भलताच लावला जातो. 'आईने पिलांना टाकले' असे समजून पिले उचलली जातात, त्यांना कापसाने गाईचे दूध पाजले जाते आणि थोडी मोठी झाली की ओटची पातळ लापशी भरविली जाते. वस्तुतः सकाळी पिलाचे पोट गोल व ताणलेले दिसले आणि त्वचेला सुरकुत्या नसल्या, तर त्याचे पोट भरले आहे असे समजावे. आणखी काहीही करण्याची गरज नसते.

सशिणीच्या दुधाची बरोबरी गाईचे दूध करू शकत नाही. त्यात स्निग्धांश सुमारे १२ ते १३ टक्के आणि प्रथिनेही जवळपास १२ टक्के असतात. गाईच्या दुधात हेच प्रमाण अनुक्रमे चार व साडेतीन टक्क्यांच्या आत-बाहेर असते. उलट दुधातील साखर गाईच्या दुधात अधिक आणि सशिणीच्या दुधात फारच थोडी. परंतु भेद एवढ्यावरच संपत नाही. प्रौढ सशाच्या जठरात तीव्र आम्ल असते व बाहेरून आलेले बहुतेक जंतू तेथेच मरतात. दूधपित्या पिलाच्या जठरातील आम्ल सौम्य असते. तरीही त्याचे जठर व लहान आतडे जवळजवळ जंतुरहित राहते. हे कसे, याचा उलगडा कान्यास-रॉड्रिग्ज व स्मिथ या संशोधकांनी १९६६ साली केला. आईच्या दुधातील मेदापासून पिलाच्याच जठरात कॅप्रिलिक व कॅप्रिक ही दोन मेदाम्ले सुटी होतात आणि ती जंतूंना वाढू देत नाहीत. दुसऱ्या प्राण्याच्या दुधावर वाढविलेल्या पिलाला हे संरक्षण लाभत नाही. पोरक्या पिलांपैकी थोडीच का जगतात, याचे एक कारण येथे सापडते.

आता काळाचा हिशेब पाहावा. तिसऱ्या आठवड्याच्या सुमारास आईचे दूध सर्वाधिक असते व त्यानंतर ते ओसरू लागते. त्याच वेळी पिले घरट्याबाहेर येऊन गवत चघळू लागतात, आईच्या लेंड्याही खातात आणि अशा रीतीने त्यांच्या अंधनालात जंतूंची वस्ती वसू लागते. दूध कमी होते तसे मेदाम्लांचे कवच विरते. जठरातील आम्ल प्रौढाइतके तीव्र होण्यास मात्र आणखी काही आठवडे लागतात. एक कवच गेलेले आणि दुसरे पुरते न चढलेले, असा हा काळ असतो. पिष्टमय पदार्थ पचविणारा स्वादुपिंडाचा रसही याच काळात हळूहळू वाढत असतो. चौथ्या ते सातव्या आठवड्यांमध्ये पिले अधिक का दगावतात, हे यावरून ध्यानात येईल.

अशा पिलाने भांडेभर दाणे खाल्ले म्हणजे काय होते? लहान आतड्यात न पचलेले पिष्ट अंधनालात उतरते. तेथे ते वेगाने आंबते, आणि त्यातून मिळणाऱ्या शर्करेवर काही घातक जंतू, विशेषतः क्लॉस्ट्रिडियम स्पायरोफॉर्मे हा जंतू, फोफावून विष निर्माण करतात. अमेरिकेतील चीक व पॅटन यांनी १९८० साली ही उपपत्ती मांडली. त्यानंतर फ्रान्समध्ये झालेल्या प्रयोगांवरून असे दिसले की, पिष्टाच्या आधिक्यापेक्षाही चोथ्याची कमतरता अधिक घातक ठरते. घरी ससा पाळणाऱ्याच्या दृष्टीने या दोन मतांत व्यवहाराचा फरक फारच थोडा आहे, कारण दाण्याने पोट भरलेले पिलू गवत खात नाही. एकाच भांड्याने दोन्ही दोष एकदम घडतात.

दाणा कोणता?

ओट या धान्याची बाजूही मांडली पाहिजे. सर्व धान्यांत सशाला त्यातल्या त्यात निरुपद्रवी असे धान्य हेच आहे. मक्यात पिष्ट साठ टक्क्यांहून अधिक व चोथा केवळ दोन-अडीच टक्के असतो. तुसासह असलेल्या ओटमध्ये पिष्ट सुमारे ४० टक्के, चोथा १० टक्क्यांच्या आसपास आणि प्रथिने ११ टक्के असतात. अमेरिकेच्या राष्ट्रीय संशोधन परिषदेने १९७७ साली वाढत्या सशाच्या खाद्यात १० ते १२ टक्के चोथा असावा असे सांगितले होते. केवळ हे आकडे शेजारी ठेवले तर ओट हेच पूर्ण खाद्य वाटेल. परंतु त्यात कॅल्शियम अगदी अल्प व फॉस्फरस त्याच्या कितीतरी पट असतो. चोथा जवळजवळ सगळा तुसात असतो आणि गवताच्या लांब तंतूचे काम त्या तुसाने भागत नाही.

खरा घोटाळा येथेच होतो. परदेशांतील जुने ससेपाळक पिलांना ओट देतात असे वाचून आपल्याकडील मनुष्य किराणा दुकानातून न्याहारीच्या ओटचे पाकीट आणतो. पाकिटातील ओट हे तूस काढून, वाफवून, रुळाखाली चपटे केलेले असतात. दाण्याच्या वजनाचा चौथा हिस्सा किंवा त्याहून अधिक भाग असलेले तूस गेल्यावर पिष्टाचे प्रमाण साठ टक्क्यांजवळ पोहोचते आणि चोथा नाममात्र उरतो. म्हणजे ज्या गुणासाठी ओट इतर धान्यांपेक्षा बरे ठरले, तो गुणच कारखान्यात राहिला. त्याची लापशी केली तर ती चावावीही लागत नाही. मसाला घातलेल्या पाकिटांत मीठ, कांदा व लसूण असतो. ती सशाच्या जवळपासही नेऊ नयेत. तुसासह ओट हवे असल्यास घोड्यांच्या खाद्याच्या दुकानी मिळण्याचा संभव असतो. पेरणीचे बियाणे मात्र कधीही वापरू नये, कारण त्याला बहुधा औषध चोळलेले असते. पावसाळ्यात कुबट वास येणारा दाणाही टाकून द्यावा. इंग्लंडात १९६० साली टर्की पक्ष्यांची एक लाखांहून अधिक पिले बुरशी लागलेल्या भुईमुगाच्या पेंडीने मेली व त्यातून अफ्लाटॉक्सिन या विषाचा शोध लागला. त्या विषाला सर्वांत लवकर बळी पडणाऱ्या प्राण्यांत सशाची गणना होते.

ओटच्या झाडाचा सशाला खरा उपयोग आहे तो दाण्याआधीच्या अवस्थेत. उत्तर भारतात जई या नावाने ओळखले जाणारे हे पीक रब्बी हंगामात चाऱ्यासाठी घेतात. केंट ही वाण त्यासाठी बरीच वर्षे प्रचलित आहे. १९६२ साली स्थापन झालेल्या झाशी येथील भारतीय चारा संशोधन संस्थेने आणि महाराष्ट्रात राहुरीच्या कृषी विद्यापीठाने चाऱ्याच्या ओटच्या वाणी दिल्या आहेत. राहुरीची 'फुले हरिता' ही त्यांपैकी एक. फुलोऱ्याच्या सुमारास कापून वाळविलेल्या ओटच्या धाटांत चोथा ३० टक्क्यांच्या आसपास भरतो. सशाने तासन् तास चघळावे असे ते अन्न आहे. ते न मिळाल्यास हरळी किंवा कोणतेही स्वच्छ, वाळलेले गवत चालेल. कोवळ्या ज्वारीची हिरवी ताटे मात्र देऊ नयेत. त्यांत विषारी हायड्रोसायनिक आम्ल तयार होते.

घरी कसे द्यावे?

पिलांनी घरट्याबाहेर पाऊल टाकले की त्यांच्यापुढे अष्टौप्रहर वाळलेले गवत असावे. आईला ज्या खाद्याची सवय आहे तेच पिलांचे पहिले खाद्य असावे. आईच्या भांड्यातून एखाद्या पिलाने चार दाणे उचलले तर घाबरण्याचे कारण नाही. पण पिलांसाठी म्हणून वेगळे दाण्याचे भांडे भरून ठेवू नये. मांसासाठी व लोकरीसाठी ससे पाळणारे व्यावसायिक चार-पाच आठवड्यांत दूध तोडतात. घरात अशी घाई करण्याचे प्रयोजन नाही. सात-आठ आठवडे पिले आईजवळ राहिली तर उत्तम. ज्या आठवड्यात ती आईपासून वेगळी होतील, नव्या घरी जातील किंवा पिंजरा बदलेल, त्या आठवड्यात खाद्यात कोणताही नवा पदार्थ घालू नये. दोन संकटे एकदम पिलावर लोटू नयेत, एवढाच यातील भाव आहे. तीन महिने उलटल्यावर तुसासह ओटचे पाच-दहा दाणे हातावर घेऊन द्यावेत, दोन दिवस लेंड्या पाहाव्यात आणि मग हवे तर चिमूटभर वाढवावे.

दूध पाजणारी मादी हा मात्र वेगळा प्रश्न आहे. मध्यम वा मोठ्या जातीची मादी दुधाच्या भरात दिवसाला २०० ग्रॅमपर्यंत दूध देते आणि ते दूध किती कसदार असते हे वर आलेच आहे. केवळ गवतावर ती खंगत जाते. तिला नेहमीच्या गोळीखाद्याबरोबर रोज एक-दोन मोठे चमचे ओट देणे योग्य ठरते. मात्र ते पिलांपासून दूर, ती एकटी असताना द्यावेत. आजारातून उठलेल्या वा रोडावलेल्या सशालाही असा चमचाभर आधार उपयोगी पडतो. हिमाचलातील कुल्लूजवळच्या गार्सा किंवा तामिळनाडूतील कोडाईकनालजवळच्या मन्नवनूर येथील शासकीय ससेपालन केंद्रांसारखी थंड हवा जेथे आहे, तेथे सशाची भूक मोठी असते. मुंबई-चेन्नईच्या बंद सदनिकेत बसून राहणाऱ्या सशाला एवढ्या ऊर्जेची गरज नसते. त्याला आठवड्यातून दोनदा एक लहान चमचा ओट पुरे, आणि न दिले तरी त्याचे काही अडत नाही.

पिलाला हगवण लागली की दोष नेहमी दाण्याचाच असतो असे मात्र नाही. काॅक्सिडिया नावाचे परजीवी नेमके याच वयात, आणि ओलसर, अस्वच्छ पिंजऱ्यात विशेष, पिलांना ग्रासतात. त्यावरचे उपाय निराळे आहेत. म्हणून ताजी लेंडी घेऊन पशुवैद्याकडे जावे. घरात उरलेल्या पेनिसिलिन अथवा अमॉक्सिसिलिनच्या गोळ्या कुटून तोंडावाटे देण्याचा मोह आवरावा. या औषधांनी अंधनालातील उपयुक्त जंतू मरतात व रोगापेक्षा उपचारच प्राणघातक ठरतो. पशुवैद्याकडे पोहोचेपर्यंत दाणा व ओला पाला बंद ठेवून फक्त वाळलेले गवत व पाणी समोर असू द्यावे आणि पिलाला ऊब द्यावी.

दूध तुटण्याच्या काळात रोज सकाळी दोन गोष्टी पाहण्याची सवय ठेवावी. पहिली, स्वयंपाकघरातील काट्यावर प्रत्येक पिलाचे वजन. ते एक दिवस जरी थांबले तरी दाणा तात्काळ बंद करावा. दुसरी, पिंजऱ्याखालच्या लेंड्या. त्या गोल, कोरड्या आणि बोटांत चुरल्यास गवताचा भुसा दिसेल अशा असाव्यात. त्या लहान, काळसर वा चिकट होऊ लागल्या, तर पिलू अजून उड्या मारीत असले तरी त्याच क्षणी दाण्याचे भांडे उचलून गवत वाढवावे.